वाचक विचारतात : मीटर फास्ट नाही, रस्ता वेगळा

गेल्या अंकात प्रकाशाच्या वेगाबद्दल लिहिताना शेवटी चार ओळी कालविस्फारणावर, म्हणजे वेगाने जाणारं घड्याळ मागे पडतं या गोष्टीवर, होत्या. बाकी लेख राहिला बाजूला, पत्रं आली ती त्या चार ओळींवर. संपादकांनी गठ्ठा एरंडवण्याला माझ्या घरी पाठवून दिला. आयुष्य फिजिक्स शिकवण्यात गेल्यामुळे पत्रांचे आपोआप तीन ढीग झाले. ज्यांना खरोखर अडलं आहे त्यांचा एक, ज्यांना मला अडवायचं आहे त्यांचा दुसरा, आणि ज्यांना 'हे आपल्याकडे आधीच माहीत होतं' हे कळवायचं आहे त्यांचा तिसरा. तिन्ही ढिगांतली थोडी थोडी घेतली आहेत.

प्रश्न : रविवार पेठेत माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. घड्याळ पुढे जायला किंवा मागे पडायला कारण लागतं. तेल सुकतं, पिव्हट झिजतो, हेअरस्प्रिंगला लोहचुंबक लागतो. वेगाने जाणारं घड्याळ मागे पडतं असं तुम्ही लिहिता, तर त्यात नेमकं काय बिघडतं? बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ राखणारं चाक, जड होतं का?

उत्तर : काही बिघडत नाही. खुशाल उघडून बघा, आत दोष सापडणार नाही. तेल ओलं, स्प्रिंग ठीक, चाक तेवढंच. तुम्ही स्वतः त्या घड्याळाबरोबर त्याच वेगाने जात असाल आणि सोबत टायमिंग मशीन नेलं असेल, तर ते मशीनही घड्याळ अचूक असल्याचंच सांगेल.

तरीही वर्गातली मुलं हा प्रश्न का विचारत नाहीत, याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे. ती सूत्र पाठ करतात. तुम्ही झाकण उघडायला निघालात. म्हणून ज्यात बिघडण्यासारखं काहीच नाही अशा घड्याळापासून सुरुवात करू.

दोन आरसे समोरासमोर ठेवा, एक खाली आणि एक वर, मध्ये १५ सेंटिमीटर अंतर. त्यांच्यामध्ये प्रकाशाचा एक ठिपका वर-खाली करतो आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात, जवळजवळ ३० सेंटिमीटर जातो. शाळेच्या मोठ्या पट्टीएवढं अंतर. ठिपका वर जाऊन खाली आला की एक टिक, एक नॅनोसेकंद. चाक नाही, तेल नाही, चावी द्यायला नको.

हे घड्याळ आगगाडीत ठेवू, आणि गाडी सोडू प्रकाशाच्या वेगाच्या तीन-पंचमांश वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १,८०,००० किलोमीटर. गाडीतल्या माणसाला ठिपका सरळ वर आणि सरळ खाली जाताना दिसतो. शिवाजीनगरच्या फलाटावर उभे असलेल्या तुम्हाला मात्र तो तिरका जाताना दिसेल, कारण तो वर पोचेपर्यंत वरचा आरसा पुढे सरकलेला असतो. तिरकी वाट लांब. ठिपक्याऐवजी चेंडू असता तर फलाटावरून त्याचा वेगही वाढलेला दिसला असता. वाट लांबली, वेगही वाढला, टिक तेवढीच राहिली असती. प्रकाशाचं तसं होत नाही. गाडीतून मोजा की फलाटावरून, त्याचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर. वाट लांब झाली आणि वेग तोच राहिला, तर वेळ जास्त लागणारच.

किती जास्त, ते काढायला पायथागोरस पुरतो. प्रकाश ५ अंतर जातो तेवढ्यात गाडी ३ जाते. काटकोन त्रिकोणाचा कर्ण ५, पाया ३, मग उभी बाजू ४. गवंडी भिंतीचा काटकोन काढायला वापरतात तोच हा त्रिकोण. कर्ण म्हणजे फलाटावरचा वेळ, उभी बाजू म्हणजे गाडीतला वेळ. फलाटावर ५ टिक होतात तेव्हा गाडीत ४. आइन्स्टाइनने १९०५ साली जे मांडलं त्यातला या विषयाचा भाग एवढाच आहे. बाकी सगळी चर्चा हे पचवण्याची आहे.

आता तुमचा खरा मुद्दा. आरशांचं ठीक, पण बॅलन्स व्हीलचा प्रकाशाशी काय संबंध? इथे गॅलिलिओ मदतीला येतो. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. सापेक्षतेचं श्रेय सगळे चौथ्याला देतात, पण पहिली अर्धी कल्पना दुसऱ्याची. १६३२ साली गॅलिलिओने लिहिलं की संथ, एकसारख्या वेगाने चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत बसून, थेंब टपकवून, फुलपाखरं उडवून, काहीही करून जहाज चालू आहे की उभं हे तुम्हाला सांगता येणार नाही. समजा गाडीत आरशांचं घड्याळ मागे पडलं आणि तुमचं एचएमटी पडलं नाही. मग खिडक्या बंद करून, दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून, त्यांच्यातल्या फरकावरून गाडीचा वेग सांगता आला असता. तसा तो येत नाही. म्हणून बॅलन्स व्हील, सेकंदाला ३२,७६८ कंपनं करणारं क्वार्ट्झ, मनगटाची नाडी, दुधाला विरजण लागायचा वेळ, सगळं एकाच प्रमाणात चालतं. एकट्या घड्याळाचा दोष असता तर तुम्ही तो दुरुस्त केला असता.

कोणी खरं घड्याळ नेऊन पाहिलं का, असं तुम्ही पुढे विचारलं आहे. पाहिलं. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोघांनी सीझियमच्या अणूंवर चालणारी चार अतिशय अचूक घड्याळं साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती नेली, एकदा पूर्वेकडे जात आणि एकदा पश्चिमेकडे जात. घड्याळांसाठी स्वतंत्र तिकिटं काढली होती, 'मिस्टर क्लॉक' या नावाने. पूर्वेला गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा सरासरी ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेला गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. पुढे का? पृथ्वी स्वतःच पूर्वेकडे फिरते. पूर्वेला जाणाऱ्या विमानाचा वेग त्यात मिळवला जातो, पश्चिमेला जाणाऱ्याचा वजा होतो. शिवाय उंचीचा परिणाम आहे, तो खाली येईल.

प्रश्न : आरसे आणि अशक्य वेगाच्या गाड्या कागदावर ठीक आहेत. निसर्गात आपोआप घडणारी, माणसाने न बनवलेली एखादी गोष्ट वेगामुळे जास्त काळ टिकते, असा पुरावा आहे का? (निवृत्त इंजिनिअर, निगडी)

उत्तर : आहे, आणि तुम्ही हे वाचत असताना तो तुमच्या तळहातातून आरपार जातो आहे, सेकंदाला एक-दोन या हिशेबाने.

अंतराळातून येणारे विश्वकिरण हवेच्या वरच्या थरांवर आपटतात तेव्हा, साधारण १५ किलोमीटर उंचीवर, म्यूऑन नावाचे कण तयार होतात. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जाडजूड भाऊ, पण अल्पायुषी. स्थिर ठेवला तर सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत मोडतो (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. मग १५ किलोमीटर उतरून म्यूऑन निगडीपर्यंत पोचतातच कसे?

हा कण नुकताच सापडला होता, तेव्हा, १९३८ साली, केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या एका तिशीच्या आतल्या तरुणाने 'नेचर'मधल्या टिपणात लिहून ठेवलं की असा कण आपोआप मोडत असेल तर त्याचं मोडणं हेच एक घड्याळ आहे, आणि सापेक्षतेनुसार तो वेगात असताना जास्त वेळ टिकला पाहिजे. त्याचं नाव होमी भाभा. अणुशक्ती आणि तारापूरमुळे आपण भाभांना ओळखतो. हे टिपण कोणाला माहीत नसतं, आणि पाठ्यपुस्तकवाल्यांनी ते बारावीच्या धड्यात का घातलं नाही हे मला आजवर उमगलेलं नाही.

१९४१ साली रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेत हे मोजून दाखवलं. वर्गात सांगायला मला त्यानंतरचा, १९६३ साली प्रसिद्ध झालेला फ्रिश आणि स्मिथ यांचा प्रयोग जास्त आवडतो. त्यांनी माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर म्यूऑन मोजले. माथा समुद्रसपाटीपासून १,९१७ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाहून साधारण सहाशे मीटर उंच. तासाला सुमारे साडेपाचशे म्यूऑन मिळाले. प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने खाली यायला त्यांना साडेसहा मायक्रोसेकंदांच्या आसपास लागणार. २.२ मायक्रोसेकंदांचं आयुष्य धरलं तर समुद्रसपाटीला तासाला २७ उरायला हवे होते. उरले चारशेच्या वर. या कणांसाठी तेवढा वेळ गेलेलाच नव्हता.

म्यूऑनच्या बाजूने विचारलंत तर तो म्हणेल, माझं आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच आहे, तुमचा डोंगरच माझ्या दृष्टीने जेमतेम दोनशे मीटरचा होता. दोघांचा शेवट एकाच आकड्यावर होतो.

प्रश्न : मी बारावीत आहे, सिंहगड रस्त्याला राहते. जुळ्या बहिणींपैकी एक रॉकेटने लांब जाऊन परत आली, की ती पृथ्वीवरच्या बहिणीपेक्षा तरुण असते म्हणे. पण रॉकेटमधली म्हणते पृथ्वीवरचं घड्याळ हळू, पृथ्वीवरची म्हणते रॉकेटमधलं हळू. गती सापेक्ष असेल तर दोघींचं बरोबर. मग परत आल्यावर एकच जण तरुण कशी? क्लासमध्ये विचारलं तर 'एक्सलरेशनमुळे' असं सांगून पुढचा चॅप्टर सुरू झाला.

उत्तर : अगं, पुढचा चॅप्टर सुरू झाला याचं दुःख करू नकोस, कारण तुझा चॅप्टर अजून संपलेला नाही आणि तो घाईत संपतही नाही. सावकाश घेऊ.

दोन मैत्रिणी कर्वे पुतळ्यापासून डेक्कनला दोन रिक्षांनी निघाल्या. एक कर्वे रस्त्याने सरळ. दुसरीची रिक्षा म्हात्रे पुलावरून नदी ओलांडून, नवी पेठेतून अलका चौकात आणि लकडी पुलावरून परत डेक्कनला. दोघी एकाच ठिकाणी उतरल्या, मीटरवर आकडे वेगळे. आपली पुणेरी सवय अशी की लगेच म्हणायचं, 'मीटर फास्ट आहे.' मीटर फास्ट नाही, रस्ता वेगळा आहे. मीटर आपण चाललेला रस्ता मोजतं, डेक्कन किती लांब आहे ते नव्हे.

घड्याळही तसंच आहे. ते सगळ्या विश्वाचा सामायिक वेळ मोजत नाही, स्वतःच्या वाटेवरचा वेळ मोजतं. दोन घटनांमध्ये, म्हणजे 'इथून निघालो' आणि 'इथे पुन्हा भेटलो' यांच्यामध्ये, दोन वाटा असतील तर दोन वेळ असतील. तुझ्या प्रश्नातलं 'हळू चालणं' डोक्यातून काढून टाक, अर्धी गाठ तिथेच सुटते.

एक गोष्ट मात्र रिक्षाच्या उलट आहे. रस्त्यावर वळसा घेतला की मीटर वाढतं. काळाच्या बाबतीत वळसा घेतला की वेळ कमी भरतो. कारण इथे पायथागोरसमध्ये अधिकच्या जागी उणे येतं. वर घड्याळाच्या उत्तरात ५, ३, ४ हे आकडे आले होते. ५ चा वर्ग उणे ३ चा वर्ग, २५ उणे ९, बरोबर १६, म्हणजे ४ चा वर्ग. ५ हा फलाटावरचा काळ, ३ हे कापलेलं अंतर, ४ हा प्रवाशाचा स्वतःचा काळ. जितकं जास्त अंतर कापशील तितकं त्या काळातून वजा होतं. हे उण्याचं चिन्ह भूमितीत बसवलं हर्मन मिंकोव्स्कीने, १९०८ साली. तो आइन्स्टाइनचा शिक्षक होता.

आता जुळ्या बहिणी. थोरली पाच मिनिटांनी मोठी. विसाव्या वाढदिवसाला थोरली प्रकाशाच्या तीन-पंचमांश वेगाने निघाली, ३ प्रकाशवर्षांवर जाऊन तिथून लगेच परत. धाकटी पुण्यात. पुण्याच्या हिशेबाने जायला ५ वर्षं, यायला ५, म्हणजे भेट झाली तेव्हा धाकटी ३० वर्षांची. थोरलीची जाताना ४ वर्षं, येताना ४, ती २८. पाच मिनिटांच्या मोठेपणावर आयुष्यभर हुकूम चालवणारी बहीण आता दोन वर्षांनी लहान आहे. ताई कोणी कोणाला म्हणायचं, हे फिजिक्स सांगत नाही.

यावर तुझा आक्षेप असा, की थोरलीच्या नजरेने धाकटीच लांब गेली आणि परत आली. मग उलट का नाही? यासाठी मी एक हिशेब करायला सांगते, आणि तो वहीत केल्याशिवाय पुढे वाचू नकोस. दोघी आपापल्या प्रत्येक वाढदिवसाला एकमेकींना रेडिओ संदेश पाठवतात. संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो. कोणाला किती संदेश मिळाले, एवढंच मोजायचं. यात 'दिसणं', 'वाटणं' काही नाही, फोनमधले मेसेज मोजण्याइतकं सरळ आहे.

दोघी एकमेकींपासून दूर जात असताना या वेगाला प्रत्येक संदेश दुप्पट उशिराने येतो, म्हणजे वर्षाकाठी पाठवलेला दोन वर्षांनी एक असा मिळतो. हे दोघींना अगदी सारखं लागू आहे, आणि तुझी 'दोघींचं बरोबर' ही शंका इथपर्यंत शंभर टक्के बरोबर आहे. संदेशाच्या प्रवासाचा वेळ वजा केला की दोघीही म्हणतात, दुसरीची ४ वर्षं होतात तेव्हा माझी ५. जवळ येताना उलट, संदेश वर्षाला दोन मिळतात. तेही दोघींना सारखंच.

थोरलीचं बघू. जातानाच्या तिच्या ४ वर्षांत तिला धाकटीचे दोनच वाढदिवस कळले, एकविसावा आणि बाविसावा. ती वळली. वळल्या क्षणापासून संदेश वर्षाला दोन येऊ लागले, आणि येतानाच्या ४ वर्षांत ८ आले. एकूण १०. धाकटी तिशीची झाल्याचा संदेश हातात पडतो तेव्हा थोरली दारात.

आता धाकटी. थोरली वळली ती पुण्याच्या ५व्या वर्षी, पण ३ प्रकाशवर्षांवर. ती बातमी पुण्याला पोचायला आणखी ३ वर्षं. तोवर, म्हणजे ८ वर्षांपर्यंत, धाकटीला दोन वर्षांनी एक असे ४ संदेश मिळाले. उरलेल्या २ वर्षांत वर्षाला दोन, म्हणजे ४. एकूण ८.

फरक कुठे आहे बघ. थोरलीचा अर्धा काळ 'हळू' संदेशांचा आणि अर्धा 'जलद' संदेशांचा. धाकटीच्या दहांतली आठ वर्षं हळू, दोनच जलद. वळली ती थोरली, हे तिला स्वतःला त्या क्षणी कळतं; धाकटीला ते बातमी पोचल्यावर. दोघींच्या गोष्टी सारख्या नाहीतच, म्हणून उत्तरं सारखी येत नाहीत.

मग 'एक्सलरेशनमुळे' हे चूक का? चूक नाही, अर्धवट आहे. वळल्याशिवाय परत भेट नाही, आणि वळताना त्वरण येतं, हे खरं. पण तेच वळण ठेवून प्रवास दुप्पट लांब कर: ६ प्रकाशवर्षं जा आणि ये. वळण तेवढंच, फरक मात्र दोनचा चार वर्षं. वळणात वय वाचत नाही, वळणामुळे वाट वाकडी होते. आणि त्वरणाचा स्वतंत्र परिणाम तपासलेला आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत गोल कड्यात फिरवलेल्या म्यूऑनांचं आयुष्य मोजून १९७७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वेग प्रकाशाच्या ९९.९४ टक्के, आयुष्य २९ पट लांबलेलं, वेगाच्या सूत्रातून येतं तेवढंच. ते कण गोल फिरत असल्यामुळे त्यांचं त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वाच्या एकावर अठरा शून्यं इतक्या पट होतं. त्या त्वरणाने आयुष्यात वेगळी भर पडली नाही.

बोर्डाच्या परीक्षेत हे येणार नाही. जुळ्यांपैकी एकाला पांढरी दाढी काढलेलं चित्र मात्र कुठल्या तरी पुस्तकात दिसेलच. ते बघून पान उलट.

प्रश्न : भागवतात ककुद्मी राजा मुलगी रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे थोडा वेळ गाणं ऐकून परततो, तोवर पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटलेली असतात. हे कालविस्फारणच नव्हे काय? आइन्स्टाइनच्या आधी आपल्याला ज्ञात होतं, हे आपण मान्य का करत नाही? (सदाशिव पेठ)

उत्तर : कथा सुंदर आहे, मला लहानपणापासून आवडते. बिचाऱ्या राजाने मुलीसाठी मनात धरलेले सगळे वर आणि त्यांचे वंशजही संपलेले असतात, आणि शेवटी रेवतीला बलराम मिळतो. काळ सगळीकडे सारखा नसेल, ही कल्पना कोणाच्या तरी मनात आली, याचा आनंद जरूर माना. पण किती वेगाला किती फरक, हे त्यात नाही. ककुद्मीच्या रथाचा वेग सांगितलेला नाही, सांगितला असता तरी त्यावरून २७ चतुर्युगं काढायची रीत नाही. सापेक्षतेची गंमत फरकात नसून त्याच्या मापात आहे: डोंगराच्या पायथ्याशी तासाला २७ म्यूऑन नव्हे, चारशे. त्यापेक्षा भाभांच्या १९३८ च्या टिपणाचा अभिमान बाळगा. ते आपल्या माणसाचं आहे आणि पडताळून पाहिलेलं आहे.

प्रश्न : रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय? (बऱ्याच जणांनी विचारलं आहे.)

उत्तर : फोनवरचा नकाशा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तासाला जवळजवळ १४,००० किलोमीटर वेगाने फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. पण उंचावर गुरुत्व क्षीण असतं, आणि गुरुत्व कमी तिथे घड्याळाचा वेळ जास्त भरतो. हा भाग १९०५ च्या, विशिष्ट सापेक्षतेचा नाही, आइन्स्टाइनच्या नंतरच्या, व्यापक सापेक्षतेचा. त्यामुळे ती ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. वजाबाकी केली की दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे. एवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो, आणि जीपीएसचं अंतर मोजणं प्रकाशाला लागलेल्या वेळावरच चालतं. म्हणून उपग्रह सोडण्याआधीच त्यांच्या घड्याळांची गती तेवढी कमी करून ठेवलेली असते. दुरुस्ती आधी, बिघाड नंतर. रविवार पेठेतल्या वाचकांनी नोंद घ्यावी.

प्रश्न : मी तीस वर्षं डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई जाऊन-येऊन नोकरी केली. आता नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही वेगात होतात म्हणून आजीपेक्षा कमी म्हातारे झालात. खरं का? आणि किती? (शिवाजीनगर)

उत्तर : खरं. किती, ते सोबत काढू, नातवालाही बसवा.

पुणे ते मुंबई लोहमार्गाने १९२ किलोमीटर. सव्वातीन तासांच्या आतबाहेर प्रवास, म्हणजे सरासरी वेग तासाला ६० किलोमीटर. इतक्या कमी वेगाला सूत्र सोपं होतं: गाडीचा वेग भागिले प्रकाशाचा वेग, त्याचा वर्ग, त्याचा निम्मा, गुणिले प्रवासाचा वेळ. जाऊन-येऊन मिळून उत्तर येतं ३६ पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाच्या हजाराव्या भागाचे ३६. तेवढ्यात प्रकाश जेमतेम एक सेंटिमीटर जातो. वर्षाचे २८० दिवस धरले तरी तीस वर्षांत भरतात सुमारे ०.३ मायक्रोसेकंद.

पण तुमच्या बाबतीत वेगापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. गुरुत्वामुळे पुण्यातलं घड्याळ मुंबईतल्या घड्याळापेक्षा दिवसाला ५ नॅनोसेकंदांनी पुढे जातं. मुंबईच्या लोकांना हे सांगून पाहा, ते म्हणतील पुण्यात तर दुपारी एक ते चार घड्याळच बंद असतं. ते सोडा. कर्जतच्या खाली उतरल्यापासून संध्याकाळी पुन्हा घाट चढेपर्यंत रोजचे साधारण दहा तास तुम्ही समुद्रसपाटीजवळ होतात. त्याचे रोजचे २ नॅनोसेकंद, तीस वर्षांत १७ मायक्रोसेकंदांच्या आसपास. आजी पुण्यात असतील तर त्यांच्यापेक्षा तुम्ही तेवढे कमी म्हातारे झालात, आणि त्यातला डेक्कन क्वीनच्या वेगाचा वाटा पन्नाशीतला एक. बाकी सगळं मुंबईनं केलं. पुण्याच्या मासिकात हे छापायला मला जड जातंय, पण हिशेब हिशेब आहे.

हे आकडे निव्वळ कागदी आहेत असं नातवाने समजू नये. टोकियोतल्या मनोऱ्यावर साडेचारशे मीटर उंचीला आणि खाली जमिनीवर अशी दोन घड्याळं ठेवून दिवसाला चार नॅनोसेकंदांहून थोडा जास्त फरक मोजल्याचं २०२० साली प्रसिद्ध झालं. वेगाच्या बाजूने, २०१० साली अमेरिकेत डेव्हिड वाइनलँड यांच्या गटाने ॲल्युमिनियमच्या एकेका आयनावर चालणाऱ्या घड्याळांत सेकंदाला १० मीटरपेक्षा कमी वेगाचा परिणाम पकडला. म्हणजे तासाला ३६ किलोमीटरच्या आत. तुमची गाडी त्याहून कितीतरी वेगाने धावायची, निदान कर्जत ते कल्याण तरी.

शेवटी तुम्ही विचारलं आहे, की अंतराळ स्थानकात राहणाऱ्या अंतराळवीरांचं काय. पृथ्वीभोवती सेकंदाला ७.६६ किलोमीटर वेगाने सहा महिने फिरून ते परततात तेव्हा, उंचीचा उलटा परिणाम वजा जाता, सुमारे साडेचार मिलिसेकंदांनी कमी म्हातारे असतात. तुमच्या १७ मायक्रोसेकंदांच्या अडीचशे पटींहून जास्त. पण त्यांना पास काढावा लागला नाही, आणि खिडकीजवळची जागाही भांडल्याशिवाय मिळाली.

*पुढच्या अंकासाठी : गुरुत्व कमी तिथे घड्याळ पुढे का जातं, यावर पत्रं आली तर आवडेल. पत्रावर वय आणि गाव लिहा, नाव नसलं तरी चालेल.*